त्याचा पाय ब्रेकवर

सोमवारी सकाळी मुरबाडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी अर्धी फी, तीन हजार रुपये, भरली. सोबत बालगृहातून आमच्या घरी वाढायला आलेली, नुकतीच अठराची झालेली मुलगी होती. तिला शाळेची व्हॅन चालवून स्वतःचं पोट भरायचं होतं. तिसरा होता शिकवणारा तो.

आठवडाभर मी मागच्या सीटवर बसलो. तंबाखू मळत तो खिडकीबाहेर बघायचा, पण शिकवणाऱ्यासाठी बसवलेल्या, आपल्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवरचा पाय कधी उचलायचा नाही. वैशाखरे गावाजवळच्या वळणांवर गाडी तोच थांबवायचा आणि पोरीला वाटायचं, आपणच थांबवली.

"ब्रेक तिला का दाबू देत नाही? दर वेळी तूच दाबतोस," मी जाब विचारला.

"घरच्या पोरांना बापाची गाडी असते, शेठ. हिला कोण देनार? लायसन काढून देतो, बास नाय का?"

मुलीने गाडी कडेला घेतली. "म्हंजे इतके दिवस मी थांबवतच नव्हते?"

तो हसला. माझं डोकं सणकलं. फुकट नव्हतो शिकत आम्ही! तिला तिथेच उतरवून घेतलं.

उरलेले तीन हजार त्याला दिले नाहीत. तिला शिकवायला गावातल्या व्हॅनवाल्याला दिले. त्याच्या गाडीत ब्रेक एकच आहे आणि तो तिच्या पायाखाली आहे.