साठ अन् एक

दीपाच्या शिलाई मशीनचा आवाज मध्येच थांबला की समजायचं, गल्लीत कोणीतरी फाइल घेऊन शिरलं आहे. अख्ख्या दारव्ह्यात तिच्यासारखा ब्लाउज कोणी शिवत नाही, हे मी, तिचं जुनं गिऱ्हाईक, कोणाशीही भांडून सांगेन. पण गेलं वर्षभर शिवतानाही तिचा एक कान गल्लीकडे असतो.

कारण तिची पोर, मैत्रेयी. वय आठ. दुसरीत बेरीज चुकली म्हणून शाळेत तिच्या गळ्यात पाटी अडकवली, 'मी ढ आहे' लिहिलेली, आणि वर्गावर्गातून फिरवली. पोर दीड महिना बोलली नाही. अंथरूण ओलं करायची. मी मोर्चाच काढणार होते. दीपा म्हणाली, "नको ताई. मोर्च्यात पुन्हा तिचंच नाव घेतीन लोक." तिनं पोरीला घरी ठेवलं. बळजबरीनं शिकवलं नाही, रागावली नाही. नुसती मशीनजवळ बसू दिली.

पोर मापाच्या टेपशी खेळू लागली. आधी मांजर मोजली, मग आजी. मग आपणच विचारू लागली, हा आकडा कोणता, या गिऱ्हाइकाचं नाव कसं लिहायचं. दीपा विचारलं तेवढंच सांगे.

सासू कांताबाई धुमसत होती. "अंगठा लावू लावू माह्यी जिंदगी गेली. आपल्याले शिका म्हनून सांगतलं, अन् तू पोरीले घरी बसोली? विहारात काय तोंड दाखवू?"

दीपा मला हळूच म्हणाली, "ताई, मी पोरीले वाचोलं का बुडोलं, मलेच समजत नाई."

मंगळवारी मशीन थांबलं. शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेच्या मॅडम दारात होत्या. मी ब्लाउज न्यायला आलेली, कांताबाई चुलीजवळ. यादीत नाव लागलं तर पोर पुन्हा त्याच शाळेत जाणार, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

"कोणत्या शाळेत आहे मुलगी?"

"घरीच शिकते," दीपा म्हणाली.

"काय शिकते? बोलवा."

मैत्रेयी आली. जिथं पाटी होती, तिथं आता टेप लटकत होता.

"शंभरपर्यंत अंक म्हण बरं."

पोर धडाधड म्हणत गेली. साठावर थांबली.

"साठाच्या पुढे?"

ओठ घट्ट मिटले. तेच ओठ, दीड महिना मिटलेले. माझ्या तोंडात चार शिव्या तयार होत्या. दीपानं कापडाखालून माझं मनगट आवळलं.

पोरीनं टेप गळ्यातून काढला. "साठावर टेप सरला."

"म्हणजे?"

"मंग इथं बोट ठेवाचं, अन् पुन्हा एकापासून. साठ अन् एक. साठ अन् दोन..." ती थेट साठ अन् चाळीसपर्यंत गेली. "झाले शंभर."

मॅडमनी वाकून टेप बघितला. "बरोबर. पण त्याला एकसष्ट म्हणतात, बेटा."

पोर मॅडमच्या हाताकडे बघत होती. हातात पाटी नाही अशी खात्री झाल्यावर पुटपुटली, "एकसष्ट."

"नाव तर लिहावंच लागते, ताई. माझी नोकरी आहे," मॅडम दीपाला म्हणाल्या. "पण शाळा तुम्ही सांगाल ती टाकते. अन् दहा वर्षांची झाली की मुक्त विद्यालयातून पाचवीची परीक्षा देता येते." शाळेचा रकाना तूर्त कोरा ठेवून शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'घरी शिकते आहे.' उठता उठता म्हणाल्या, "पुढच्या वेळी मीच येईन असं नाही हं."

त्या गेल्या. मैत्रेयीनं विचारलं, "आई, आता पाटी घालतीन का?"

दीपा खोटं बोलत नाही. "मले नाई माहीत. पन कोनी आलं तर आधी माह्यासंग बोला लागन."

कांताबाई आतापर्यंत चुलीजवळून ऐकत होती. तिनं आपला पाट ओढत आणला, दाराच्या मधोमध टाकला, आणि गल्लीकडे तोंड करून बसली.