शरणप्पाअण्णांचा एक शब्द

१९५२, जूनमधला सोमवार. हुमनाबादची तहसील कचेरी. हजर: जुने कारकून शरणप्पाअण्णा, चपराशी खाजामियाँ आणि महिनाभरापूर्वी रुजू झालेला मी. तहसीलदार दौऱ्यावर.

अण्णांनी खाजामियाँच्या तोंडातली पेटलेली बिडी काढली, भिंतीवर दाबून विझवली, "पुट आउट" म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

"अण्णा, तुमारी अंग्रेजी मेरीच बिडी पे कायकू?"

"दिवसा दिवा कुठून आणू विझवायला?"

अण्णा राजेश्वर गावचे, पन्नाशीचे. घरी कन्नड, बाजारात मराठी, कचेरीत तीस वर्षं निजामाची उर्दू. आता कारभार इंग्रजीत चालला होता. दिवाळीआधी परीक्षा होती आणि नापास होणाऱ्याची नोकरी जाणार होती. मी मॅट्रिक, म्हणून त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी लगेच यादी केली: दोनशे कचेरी शब्द, रोज पाच, रविवारी उजळणी.

अण्णांनी यादी घडी करून खिशात ठेवली. "गुरुजी, हे समदे पाहुणे हायत. रोज कामाला येणारा एक द्या." मी त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, तरी गुरुजीच.

साहेबांच्या शेऱ्यांतून त्यांनी तो एक स्वतःच हेरला: 'पुट'. फाईल साहेबांपुढं ठेवली की पुट अप, तारीख ढकलली की पुट ऑफ, जबानी उतरवली की पुट डाउन. टोपी घालतानाही पुट ऑन. हातानं केल्याशिवाय वहीत लिहायचं नाही, हा त्यांचा नेम.

श्रावण संपला तरी अण्णा तिथंच. मी चिडलो. "अण्णा, सहा आठवडे राहिले. एका शब्दावर नोकरी वाचते का?"

"कामून घाबरायलाव गुरुजी? नोकरी माझी जायलीय." ते हसले खरे, पण त्या दिवशी डबा न उघडताच घरी घेऊन गेले.

परीक्षा बीदरला झाली. मी सोबत गेलो, दाराशी उभा राहिलो. एका गावात विहिरीला कठडा नाही, इंजिनिअरला इंग्रजीत पत्र लिहा, असा प्रश्न होता. बाकीच्यांनी दोन-दोन पानं भरली. अण्णांच्या चार ओळी: विहीर उघडी आहे. पोरं जवळ खेळतात. कठडा घाला. पुढं ढकलू नका. शेवटच्या दोन्हींत 'पुट'.

परीक्षकांनी कागद उलटा करून पाहिला. "बाकीचं कुठंय?"

"बाकीचं काय न्हाई सायब. विहीर तेवढीच हाय."

अण्णा पास झाले. पुढच्याच आठवड्यात तहसीलदारांनी माझं लांबलचक पत्र परत केलं. "शरणप्पांकडून लिहून घ्या."

१९५६ साली हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेलं आणि मी उदगीरला आलो. मोटारीपाशी अण्णा म्हणाले, "इंग्रजीतला एक मला पुरला. आता तुम्ही आपल्या मराठीतला एक घ्या, 'लागणं'. समदं जमवून कळवा."

"आठवड्यात पाठवतो," मी म्हणालो.

दर दिवाळीला त्यांचं कार्ड येतं: झाली का यादी? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, भाजी तळाला लागते. एकशे सात झाले आणि यंदा पाठवायचंच ठरवलं. काल जेवायला बोलवायला आलेल्या मुलीनं विचारलं, "बाबा, अजून किती वेळ लागणार?"

वही चाळली. वेळ लिहायचा राहूनच गेला होता.