आत्याच्या पत्त्यावरचे आजारी

सरकारी आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर माझ्या आत्याच्या दोन खोल्यांत जो राहील त्याला मेंदूत नाहीतर मणक्यात गाठ होते. हसू नका. आकडेमोड करणाऱ्यांना खरंच तशी शंका आली होती, आणि आत्याच्या नळाचं पाणी बाटलीत भरून न्यायला एक बाई आली होती.

आत्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, रुग्णांच्या झग्यांच्या तुटक्या नाड्या शिवायच्या. घर हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून. जीभ अशी की धुलाईखान्यात सगळे तिला 'तोफ' म्हणतात, अर्थात ती समोर नसताना. पण आमच्या गावचं आजारी माणूस दाराशी आलं की ती आधी अंथरूण घालते, मग शिव्या घालते.

त्या हॉस्पिटलात नाव नोंदवायला खिडक्या दोन. एक स्थानिकांची, एक बाहेरगावच्यांची. स्थानिकांचा नंबर पटकन लागतो, बाहेरगावच्यांनी बसावं माश्या मारत. म्हणून आमच्या गावातून जो येईल तो पत्त्यात आत्याचं घर सांगायचा. न्हाव्याची बायको, चित्रकलेचे मास्तर, दूधवाल्याची सून. सगळ्यांना डोक्यात नाहीतर मणक्यात गाठ. गावातच तपासता आलं असतं तर यातलं कुणी इतक्या लांब आलं नसतं. जिवावर बेतलं की माणूस कुठलाही पत्ता सांगतो, त्यात कुणाला काय वाटायचंय!

माझ्या दादानेही तेच केलं. दादा वायरमन. खांबावर सरसर चढायचा, आणि एक दिवस चढता चढता पाय बधिर झाले. गावच्या हॉस्पिटलात एमआरआयचं मशीन नाही, त्यामुळे डॉक्टर अंदाजाने बोलत. कंबर भरलीय, गोळ्या घ्या. नस दबलीय, पट्टा बांधा. पट्टा बांधून दादा महिनोन्‌महिने खांब चढत राहिला. शेवटी शहरात आणला तेव्हा मानेखाली, मज्जारज्जूच्या आतच गाठ निघाली. लाखात एखाद्याला होते म्हणे. ऑपरेशन झालं, पण थोडी गाठ आत राहिली आणि पाय गेले ते गेलेच. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर चालत घरी गेला असता. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लवकर आणायचं म्हणजे कशाच्या जोरावर? ज्योतिष बघून?

उरलेल्या गाठीसाठी रेडिएशन सोमवारी सुरू होणार होतं, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात ती पाणीवाली बाई आली. दुर्मिळ गाठींचे रुग्ण कुठे किती, हे मोजणाऱ्या खात्यातली. तरुण होती, नम्र होती. दादा खाटेवर, मी त्याच्या पायांना तेल चोळत होते.

"मावशी, घरात कुठलं रसायन ठेवता का?"

"मावशी नाही, आत्या म्हण. मावश्या मायाळू असतात."

बाईने छत पाहिलं, वायरी पाहिल्या, बाटली भरली. आत्या म्हणाली, "हे पाणी मी लग्न होऊन आल्यापासून पितेय. माझ्या डोक्यात रागाशिवाय काही सापडायचं नाही."

बाई हसली. म्हणाली, "आजार इतका दुर्मिळ, आणि एकाच पत्त्यावर इतके रुग्ण. कारण शोधायलाच हवं ना."

"आणि आमच्या गावात किती रुग्ण?" मी गावाचं नाव सांगून विचारलं.

तिने कागद चाळले. "तिथे एकही नाही. तिथल्या हॉस्पिटलने मशीन मागितलं होतं, पण मशीन मंजूर करणाऱ्या समितीने रुग्णच नाहीत म्हणून नाकारलं."

माझा हात तेलाच्या वाटीतच राहिला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! गावाला मशीन नाही म्हणून माणसं इथे येतात, आणि माणसं इथे मोजतात म्हणून गावाला मशीन नाही. मी त्या बिचारीवर एवढी ओरडले की शेजारी दारात आले.

आत्याने तिला बसवलं आणि सगळ्यांची गावं खरी खरी सांगितली, मेलेल्यांची आणि वाचलेल्यांची. दादापाशी आल्यावर मात्र म्हणाली, "हा माझा भाचा. हा इथलाच."

बाई हळूच म्हणाली, "यांचं गाव माझ्या कागदात बदललं तर हॉस्पिटलच्या नोंदीतही बदलेल. नंबर मागे जाईल. माझ्या हातात नाही."

"म्हणूनच म्हणतेय, इथलाच."

"आत्या," दादा म्हणाला, "मी गावचाच आहे. बाई, तसंच लिहा हो. गावच्या मोजणीत एक तरी वाढेल."

"गप्प बस! मोठा आला दानशूर कर्ण! सोमवार चार दिवसांवर आलाय."

"आत्ता गावात कुणीतरी कंबरेला पट्टा बांधून कामावर जात असेल गं," दादा म्हणाला.

आत्या पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत गेली. बाईने लिहिलं.

सोमवारी खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, बाहेरगावचे त्या रांगेत. आत्याने तिथे तोफ डागली. ज्या हॉस्पिटलच्या चादरी तिने आयुष्यभर शिवल्या, त्या हॉस्पिटलला तिने असं धुतलं की पहारेकरी बोलवावा लागला. उपयोग शून्य. आजारी माणसाची गाठ थांबत नाही, रांग मात्र थांबते. दादाचा नंबर लागेपर्यंत हाताची बोटं वळेनाशी झाली. रेडिएशनने गाठ थोपवली, पण बोटं परत आली नाहीत.

पुढच्या वर्षी समितीला आमच्या गावात अचानक रुग्ण दिसले, आणि मशीन मंजूर झालं. ते सुरू झालं त्या सकाळी मी तिथे होते. आत एका विणकराची तपासणी चालली होती. मी बाहेरून आत्याला फोन लावला; दादा अजून तिच्याकडेच असतो. तिने तो दादाच्या कानाला धरला, कारण त्याला आता धरता येत नाही.

"आलं?" त्याने विचारलं.

"आलं."

"मग ठीक आहे."

ठीक कसलं डोंबल! मी फोन ठेवला आणि नव्या रंगाचा वास येणाऱ्या त्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मोठमोठ्याने रडले.