कुलदेवीपुढे ठेवलेली पत्रिका

"ताई, पत्रिकेत आबांचं नावच नाही."

फोनवर नवरदेवाचे वडील होते, भडगावजवळच्या खेड्यातले. चारशे पत्रिका छापून त्यांच्या घरी पोहोचल्या होत्या. रिवाजाप्रमाणे पहिली पत्रिका कुलदेवीपुढे ठेवूनही झाली होती. आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. निमंत्रकांत सगळ्यात वर त्यांचं नाव पाहिजे, ते कुठेच नव्हतं.

"आबा सकाळपासून जेवले नाहीत. म्हणतात, मी लग्नाला येत नाही."

मी धुळ्यात डीटीपी करते. म्हणजे मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करायचा, पानात नीट बसवायचा आणि छपाईला द्यायचा. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. मी बी.ए. केलं, डीटीपीचा कोर्स केला, एका प्रेसमध्ये नऊ वर्षं नोकरी केली. नवरा सोडून गेला त्याला चार वर्षं झाली. ईशा अकरा वर्षांची आहे, तिला जन्मापासून चालता येत नाही. ओम आठ वर्षांचा. त्याची समज दोन वर्षांच्या मुलाएवढी आहे, आणि त्याला फिट येतात. ईशाची थेरपी दुपारी बाराला असते. तेवढी सुट्टी प्रेसचे शेठ रोज देईनात, म्हणून नोकरी सोडली आणि घरी कॉम्प्युटर मांडला.

शेठ म्हणाले होते, "काम देतो. पण गिऱ्हाइकाची तक्रार आली की बंद."

ही पत्रिका माझं तिसरंच काम होतं.

नावं व्हॉट्सॲपवर तीन व्हॉइस मेसेजमध्ये आली होती. पहिला लावला आणि ओमला फिट आली. त्याला कुशीवर केलं, तोंड पुसलं, तो शांत झोपेपर्यंत बसले. परत आले आणि दुसऱ्या मेसेजपासून टाइप करत सुटले. पहिल्यात एकट्या आबांचंच नाव होतं. प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासायची प्रत, मी पाठवली. नवरदेवाने मोबाइलवर बघून 'ओके' लिहिलं.

प्रेसमध्ये एक जण मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा प्रूफवर बोट फिरवतो. घरी दुसरं माणूस नव्हतं, म्हणून मी ते वाचणंच सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ एस.टी.ने धुळ्याला आले. आबा खुर्चीत ताठ बसले, पाण्याला हात लावला नाही. ओम जाऊन त्यांचं धोतर ओढू लागला. गादीवरून ईशा बघत होती. धाकट्या भावाने सगळीकडे नजर फिरवली आणि ते हळूच म्हणाले, "जाऊ द्या आबा. एकटी बाई, पोरं ही अशी. काय बोलायचं तिला?"

ते मला लागलं.

"भाऊ, पोरांमुळे नाव सुटलं नाही. फिट थांबल्यावर मला वेळ होता. मी वाचून बघितलं नाही. चूक माझी आहे, पत्रिका मी नव्याने छापून देते. शेठला सांगायचं तर खुशाल सांगा."

आबांनी ओमच्या मुठीतून धोतर सोडवलं आणि खिशातून चष्मा काढला. "आन इकडे नावांचा कागद."

नावं मेसेजमध्येच होती; ती ऐकून मी यादी कागदावर उतरवली आणि सगळं नव्याने टाइप केलं. मग आबा यादी मोठ्याने वाचत गेले, मी प्रूफवर बोट फिरवत गेले. स्वतःचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. ईशा हसली, "आबा, दोनदा!"

"एकदा सुटनं ना बेटा, म्हनीसन," आबा अहिराणीत म्हणाले.

धाकट्या भावाला वेगळीच काळजी. "आबा, देवीपुढे ठेवलेल्या पत्रिकेचं काय? ती तर उचलता येत नाही."

"राहू दे तिले. देवीले मन्हं नाव मालूम शे. पत्रिका गावसाठे राहस." मग त्यांनी पाणी मागितलं.

आबा लग्नाला गेले. शेठला मीच फोन करून सांगितलं. ते बरंच बोलले, पण काम बंद केलं नाही. पुढची काही प्रूफं मात्र त्यांनी स्वतः तपासली. आता मी त्याच दिवशी काम देण्याचा शब्द देत नाही. गिऱ्हाइकाच्या घरातल्या वडीलधाऱ्याने फोनवर पत्रिका वाचून दाखवल्याशिवाय छपाईलाही देत नाही.

घरून काम म्हणजे वेळ आपल्या हातात, असं मला वाटलं होतं. वेळ ओमच्या हातात आहे. माझ्या हातात एवढंच, की मध्ये उठावं लागलं तर परत आल्यावर पहिल्या ओळीपासून सुरू करायचं.