खरवडायची नाही अशी जखम

आमच्या मामांना आख्खी गल्ली 'गुळगुळीत' म्हणते. तोंडावर नाही हां, तोंडावर 'पॉलिशवाले'. जुनं कपाट आणा, खुर्ची आणा, दार आणा, मामा आधी त्यावरून बोट फिरवणार, एक डोळा बारीक करणार आणि म्हणणार, "हे आधी सोलायला लागेल." जुने थर उतरून लाकूड उघडं पडलं की चेहऱ्यावर असं समाधान, जणू लाकडाला आंघोळ घालून पावडर लावली. मामी म्हणते, "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टीपॉयला हात लावून विचारतात, याला वार्निश कोणी फासलं?"

अशा माणसाच्या नडगीला एक दिवस कपाटाचा कोपरा लागला. तिथे एक फोड आला. फोड फुटला, खड्डा झाला, खड्डा पसरत चालला. मलमं झाली, गोळ्या झाल्या. पू तपासायला दिला तर त्यात जंतूच सापडेनात. जखम मात्र तळहाताएवढी.

सर्जन मामांना फार आवडले. शब्द मोजून वापरायचे. "हं. मेलेलं मांस. काढू. हं." मामा खूश! "माणूस आपल्या लायनीतला आहे. खालचं साफ केल्याशिवाय वरचं धरत नाही." पण सर्जनांनी जखम साफ केली की ती आणखी मोठी व्हायची. पुन्हा साफ, पुन्हा मोठी. शेवटी सर्जन हनुवटी खाजवत म्हणाले, "असंच चाललं तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. हं."

मामांचं सगळं काम उकिडवं बसून. ते हसायला गेले, "एका पायाचं टेबल असतं, पण पॉलिशवाला..." आणि वाक्य अर्धवट टाकून नडगीकडे बघत बसले.

सर्जनच म्हणाले, "थांबा. माझं गणित कुठेतरी चुकतंय. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू."

त्वचेच्या डॉक्टरबाई बुटक्या आणि भयंकर चौकस. स्टूल ओढून जखमेसमोर बसल्या, हात मांडीवर, नुसतं बघत. कडा वांग्याच्या सालीसारखी जांभळी, आणि कडेखाली पोकळ, उंदराने कुरतडल्यासारखी.

"दुखतं किती?"

"थोडंसं," मामा.

"थोडंसं?" मामी उसळली. "पांघरुणाचं टोक लागलं तरी 'आई गंऽऽ' करून शेजारपाजार उठवतात!"

"छान," बाई म्हणाल्या. मामांनी वळून बघितलं, यात छान काय? "म्हणजे दिसतंय त्याहून दुखणं मोठं. आणि हे कोपराजवळ काय?"

"डास चावला."

"डास बरोबर शिरेवर चावला? रक्त काढायला सुई टोचली होती ना इथे?" टोचलेल्या जागी इवलासा पिवळा फोड. बाईंचे डोळे चमकले. पायाची नाडी बघितली, साखरेचा रिपोर्ट बघितला; दोन्ही ठीक. मग एकदम, "पोट कसंय?"

"मी पाय दाखवायला आलोय, बाई."

"रक्त पडतं," मामी म्हणाली. "सारखं धावावं लागतं. म्हणतात, मूळव्याध आहे, कुणाला सांगू नकोस."

"अगं, बाईंसमोर काय!" मामांचा रंग थेट शिसवी.

"काका, माझ्यासमोरच. आता खरं सांगा, घरी जखमेला कोण हात लावतं?"

मामा छताकडे बघायला लागले. मामी मामांकडे. शेवटी बारीक आवाजात आलं, "कडेचं सुटलेलं असतं ना... ते मी काढतो. न्हाणीघरात. पॉलिशपेपर नाही हां, मऊ ब्रश!"

"अहो!" मामी जागची उठलीच.

बाई रागावल्या नाहीत. "तुमच्या अंगातले जंतूंशी लढणारे शिपाई बिथरलेत, काका. जिथे खरचटेल तिथे धावतात आणि आपलंच घर मोडतात. तुम्ही घासता, सर्जन कापतात, ते आणखी चवताळतात. याला म्हणतात पायोडर्मा गँग्रिनोसम."

"हा आजार आहे की परदेशी लाकूड?"

"नावात पू आहे, सडणं आहे, आणि मूळ कारण जंतू नाहीतच. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका. असंच दिसणारे दुसरे आजार आहेत, ते आधी बाद करू."

त्यासाठी कडेचा मुगाएवढा तुकडा काढला. "कापू नका म्हणता आणि कापता!" मामा कुरकुरले. बाई म्हणाल्या, "एकदाच. चुकीच्या माणसाला यावरचं औषध दिलं तर वाट लागेल." तुकड्यात ना जंतू निघाले, ना कर्करोग. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. मूळव्याध कसली, आतड्यालाच सूज. शिपाई तिथेही बिथरलेले.

मग स्टिरॉइडच्या गोळ्या, त्याही बाईंनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, आणि न चिकटणारी पट्टी. बाकी काही नाही. हे 'काही नाही'च मामांच्या जिवावर आलं. ब्रश मामीने ताब्यात घेतला. न्हाणीघराची कडी लागली की बाहेरून हाक, "अहो, काय करताय?" आतून, "गातोय!" "मग ऐकू येऊ दे!" आणि मामा खरंच गायचे, बेसूर, दार उघडेपर्यंत. गोळ्यांनी चेहरा फुगला, भूक राक्षसाची, स्वभाव तिखट. पण आधी दुखणं गेलं. पांघरूण लागलं तरी मामा घोरत राहिले, आणि मामी ते घोरणं ऐकत जागी. मग जांभळी कडा फिकी झाली. मग कडेने आत, दुधावरच्या सायीसारखी पातळ कातडी सरकू लागली.

पुढच्या तपासणीला सर्जन मुद्दाम बघायला आले. पट्टी उघडली. खड्डा अर्ध्याहून लहान. सर्जन वाकले, एका जागी खपली सुटल्यासारखी दिसली, आणि सवयीने हात चिमट्याकडे गेला.

"डॉक्टर," मामा म्हणाले, "हात मागे."

सर्जन थबकले. मग खरंच दोन्ही हात पाठीमागे बांधून, नाक जवळजवळ जखमेला टेकेल इतके खाली वाकले.

"हं," ते म्हणाले. "ही नवी कातडी... कुठून सुरू झाली?"

"कडेनं," मामा म्हणाले. "या बाजूला या, इथून नीट दिसतं."