तीस टक्क्यांच्या वर

भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोदामातून हरी सतरा वर्षं कापडाच्या गाठी रवाना करत आला होता. हवामानाच्या अंदाजात पावसाची शक्यता तीस टक्क्यांच्या वर गेली, की तो ट्रक थांबवायचा. ताडपत्रीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. भिजलेली गाठ परत येते, थांबलेली गाठ उद्या जाते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

घरीही तो तसाच. बायकोच्या, अनसूयेच्या, डोळ्यांचे पडदे कडेकडेने मरत चालले होते. रात्रीची नजर आधी जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "डिसेंबरात उल्का पडतात म्हणे. एकदा दाखवा. मग जाऊ दे काय जायचं ते."

भिवंडीच्या उजेडात कुठली उल्का दिसायला? गोदामातला जुना हमाल लडकू गणेशपुरीच्या पलीकडे शेती करायचा. त्याच्या खळ्यावर जायचं ठरलं. पहिल्या वर्षी अंदाज आला चाळीस टक्के ढगांचा. हरीने बेत पुढे ढकलला. दुसऱ्या वर्षी पस्तीस.

"पाचच तर जास्त आहेत हो."

"ढगाखाली जाऊन बसायचं का? पुढच्या वर्षी जाऊ."

दोन्ही वेळा मध्यरात्री आभाळ लख्ख उघडलं होतं, हे लडकूने मागाहून फोनवर सांगितलं.

यंदा अंदाज शून्य टक्के. दोघं शेवटच्या एसटीने गेली. लडकूने पेंढ्यावर गोधड्या घातल्या.

"तारं बघाया तिकीट काढून आलाव, हरीभाऊ? आमच्या डोक्यावर फुकट पडतान!"

तो हसत झोपायला गेला. एकच्या सुमाराला उल्का सुटू लागल्या.

"ती बघ! दिसली?"

"नाही."

"आता ही, डोक्यावर?"

"नाही हो."

"चांदण्या तरी?"

"मागच्या वर्षी गच्चीवरून थोड्या दिसायच्या."

आवाजात राग नव्हता. तेच त्याला सोसेना.

"तुम्ही बघा," ती म्हणाली. "फक्त मला सांगू नका."

मग एक मोठी उल्का अख्खं खळं उजळून गेली. त्या उजेडात त्याला तिचा चेहरा दिसला. डोळे सताड उघडे, तोंड भलतीकडे, पापणीसुद्धा लवलेली नाही.