अकरा हात आणि एक जाळी

एका बातमीत 'हात' हा शब्द किती वेळा यावा, असं तुम्हाला वाटतं? माझ्या बातमीत तो अकरा वेळा आला होता. त्यातला एकही माझ्या वडिलांचा नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही धुळ्याकडून सुरतेला आलेलो, कोसाडला राहायचो. माझे वडील, अण्णा, कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. एका दुपारी मशीनच्या उघड्या पट्ट्यात त्यांचा डावा हात सापडला, दोन बोटं चेचली. टाके निघाल्यावर सोमवारी पुन्हा त्याच लूमवर उभं राहायचं होतं, आणि पट्टा होता तसाच उघडा!

मी वीस वर्षांचा, पत्रकं वाचून वाढलेला. वस्तीचं भित्तिपत्रक मीच चालवायचो. (संपादक मी, बातमीदार मी, खळ लावणाराही मीच.) एका बैठकीत बातमी लिहून काढली आणि घरात खड्या आवाजात वाचली.

"अपघातामागे मालकाचा हात! शेठने जबाबदारीतून हात झटकले, ठेकेदाराने हात वर केले, तपासणी अधिकाऱ्यांचे हात बांधलेले! कामगार आता हातावर हात ठेवून बसणार नाही..."

आईने भाकरी थापणं थांबवलं. "यामा तुना बापना हात कोठे शे?"

"आई, बातमीची भाषा अशीच असते."

"राहू दे," अण्णा पट्टीतली बोटं सांभाळत म्हणाले. "आपला एक दुखावना, यानी अकरा आनात."

मी ऐकतो कसला! पत्रक नळाच्या भिंतीवर चिकटवलं. पाळीवर जायच्या आधी शेजारचे काशिनाथमामा ते सगळ्यांना वाचून दाखवायचे, हा वस्तीचा रिवाज. त्या दिवशी प्रत्येक हाताला टाळी पडली. शनिवारी मी ते भिंतीवरून सोलून हातात घेतलं आणि वीस जण माझ्यामागे कारखान्यावर निघाले. अण्णांना धरून आईही आली.

शेठच्या मुनीमाने पत्रक वाचून त्याला गुजरातीत अर्थ सांगितला. शेठने शांतपणे चष्मा काढला.

"पण तमारे जोईए छे शुं?"

हवंय काय? वीस माना माझ्याकडे वळल्या. मी पत्रकात शोधलं. मग कागदाच्या पाठीमागेही बघितलं. तिथे खळ होती.

"न्याय," मी म्हणालो.

"ए तो खरुं. पण काले सवारे हुं करुं शुं?"

उद्या सकाळी त्याने नेमकं काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. अकरा हात, आणि मागणी एकही नाही!

तेवढ्यात आई पुढे झाली. "पट्टावर जाळी," ती म्हणाली आणि दोन्ही हात पसरून माप दाखवलं. "इतली."

"जोईशुं," शेठ म्हणाला. बघू.

"बघा," म्हणत आई दारातच खाली बसली. "तोवर आम्ही आठेच बसतस."

तिच्यामागे वीसही जण तिथेच बसले. मुनीम थोडा वेळ घुटमळला आणि मग वेल्डरला बोलवायला गेला. सोमवारी अण्णा लूमवर उभे राहिले ते जाळीच्या अलीकडे. (ती शेठने कुणी मागण्याआधीच बसवायला हवी होती, हे मी आजही ठणकावून सांगतो. बातमीत तेही राहून गेलं.)

तेव्हा एक विनंती. तुमच्या कारखान्यात कुठला पट्टा उघडा असेल, तर आजच एका ओळीत लिहून द्या: कोणता पट्टा, केवढी जाळी, कधीपर्यंत. खाली सगळ्यांनी सह्या करा. आणि मजकूर सांगायला कुणी हवं असेल, तर माझ्या आईला विचारा. मला फक्त खळ लावायला बोलवा.